किशोरांची चर्च रिट्रीट: आधी झोप, मग सत्रं, शेवटी टी-शर्ट

चर्चची रिट्रीट, म्हणजे मुलांना दोन दिवस बाहेर नेऊन घेतलेलं प्रार्थना-मननाचं निवासी शिबिर, बहुतेक ठिकाणी असंच सुरू होतं. तरुण संघाची बैठक बसते, कोणीतरी म्हणतं ‘या वर्षी रिट्रीट घेऊ या’, आणि पंधरा मिनिटांत विषयाचं नाव, वक्ता आणि टी-शर्टचा रंग ठरून जातो. मुलं झोपणार कुठे, सकाळी आंघोळी उरकायला किती वेळ लागेल, रात्री दोन वाजता कोणाला दम्याचा झटका आला तर गाडी कोण काढणार, हे शेवटच्या आठवड्यात आठवतं. मग शुक्रवारी धावपळ, शनिवारी पेंग, रविवारी गळ्यात पडून रडारड. पुढच्या रविवारी उपासनेत तीच मुलं, त्याच मागच्या बाकावर.

यात कोणाच्या भक्तीत खोट नसते. चुकतो तो कामांचा क्रम. खालच्या पायऱ्या १३ ते १८ वयाच्या, साधारण ४० मुलांच्या, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार अशा निवासी रिट्रीटसाठी आहेत. मुलं कमी-जास्त असतील तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

पायरी १. सोमवारचं वाक्य लिहा (१२ आठवडे आधी)

कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: ‘रिट्रीटहून परतल्यावर सोमवारी या मुलांना…’ आणि पुढचं पूर्ण करा. ‘संजीवन मिळालेलं असावं’ असं लिहू नका. ते मागावं प्रार्थनेत. नियोजनाला त्याचा उपयोग नाही, कारण त्यावरून गाद्या किती लागतील ते ठरत नाही. तपासता येईल असं लिहा. उदाहरणार्थ: ‘…मंडळीतल्या (आपल्या चर्चमधल्या) एका तरी मोठ्या माणसाशी मनातली शंका न घाबरता बोलता यावी.’ किंवा ‘…शास्त्र (बायबल) उघडून एकट्याने दहा मिनिटं कशी घालवायची हे जमावं.’

दोन्ही वाक्यं एकाच रिट्रीटमध्ये कोंबू नका. पहिल्या वाक्याला गटचर्चा आणि मोकळा वेळ लागतो, दुसऱ्याला शांतता. वाक्य ठरलं की पुढची प्रत्येक सूचना त्याच्यासमोर धरा. ‘शनिवारी रात्री नाट्यस्पर्धा ठेवू या’ अशी सूचना येणारच. वाक्याला उपयोगी असेल तर ठेवा, नसेल तर ती वार्षिक स्नेहसंमेलनासाठी राखून ठेवा.

याच बैठकीला दोन-तीन किशोरांना बसवा. आणि पुढच्या रविवारी सगळ्या मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नाव न लिहिता एक प्रश्न लिहायला सांगा. ‘प्रार्थना केली तरी आजी गेली, मग प्रार्थना कशाला?’ अशी एक चिठ्ठी दहा बैठकांपेक्षा जास्त शिकवते.

पायरी २. माणसं आधी, वक्ता नंतर (१० आठवडे आधी)

दर आठ मुलांमागे एक प्रौढ कार्यकर्ता धरा. ४० मुलांना पाच झाले. त्यांच्याशिवाय आजारपणासाठी एक आणि व्यवस्थेसाठी एक असे दोन मोकळे ठेवा. मुलगे आणि मुली दोन्ही असतील तर पुरुष आणि स्त्रिया दोन्ही कार्यकर्ते हवेत, दोन्हीकडे किमान दोघे. एकटी बाई वीस मुलींची रात्र सांभाळू शकत नाही. तिला ताप आला की व्यवस्था कोसळली.

एकोणीस-वीस वर्षांचे उत्साही तरुण मदतनीस म्हणून घ्या, पण त्यांना या प्रौढांच्या मोजणीत धरू नका. १७ वर्षांच्या मुलीच्या नजरेत २० वर्षांचा कीबोर्डवादक ‘कार्यकर्ता’ नसतो.

प्रत्येक कार्यकर्त्याची ओळख मंडळीला असली पाहिजे, पूर्वी कुठे मुलांबरोबर काम केलं असेल तर तिथे विचारून घ्या, आणि आपल्या देशाचा बालसंरक्षण कायदा जी पडताळणी मागतो ती पूर्ण करा. ‘ते पाळकांचे (पास्टरांचे) मेहुणे आहेत’ ही पडताळणी नव्हे.

नियम लेखी द्या, चारच पुरेत:

– कोणताही प्रौढ कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही. खासगी बोलायचं असेल तर व्हरांड्यात, अंगणात, जिथे इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही.
– प्रौढ आणि मुलं एका खाटेवर, एका गादीवर झोपणार नाहीत.
– मुलांना खासगी संदेश नाहीत. जे सांगायचं ते गटावर, पालकांना दिसेल असं.
– एखाद्या मुलाच्या सुरक्षिततेबद्दल काही कळलं तर ते ठरलेल्या एका व्यक्तीला त्याच दिवशी सांगायचं. ती व्यक्ती आत्ताच नेमा आणि तिचं नाव सगळ्यांना माहीत असू द्या.

> तपासा: दोन्ही रात्री, प्रत्येक झोपण्याच्या भागाजवळ कोणते दोन प्रौढ असतील, त्यांची नावं लिहिता येतात का? येत नसतील तर मुलांची संख्या कमी करा. ‘होईल काहीतरी’ म्हणून पुढे जाऊ नका.

पायरी ३. जागा रात्री पाहा

जागा दिवसा सुंदरच दिसते. अंधार पडल्यावर जा. शौचालयाच्या वाटेवर दिवा आहे का, मुलींच्या दाराला आतून कडी आहे का आणि गरज पडल्यास ती बाहेरून उघडता येते का, फाटक रात्री बंद होतं का, मोबाइलला रेंज कुठे मिळते, हे तेव्हाच कळतं. विहीर, तलाव, ओढा, उघडी गच्ची असेल तर तिथे जायचं नाही, हे पहिल्या संध्याकाळी जागेवर नेऊन दाखवायचं. पोहणं कार्यक्रमात नकोच, प्रशिक्षित जीवरक्षक असल्याशिवाय.

मग न्हाणीघरं मोजा. ४० मुलं, ४ न्हाणीघरं म्हणजे प्रत्येकात दहा जण. माणशी सहा मिनिटं धरली तर एक तास. न्हाणीघरं दोनच असतील तर दोन तास, म्हणजे निम्म्यांनी रात्री आंघोळ करायची हे आधीच ठरवावं लागेल. सकाळचं पहिलं सत्र नेहमी उशिरा सुरू होतं ते या भागाकारामुळे; आळशीपणाला उगाच दोष देतात.

जवळचं रुग्णालय रात्री उघडं असतं का, हे फोनवर न विचारता तिथे जाऊन पाहा. जाण्याचा वेळ घड्याळ लावून मोजा.

पायरी ४. वेळापत्रक उलटं लिहा (८ आठवडे आधी)

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

नेहमीची रीत अशी: आधी सत्रं मांडायची, मग उरलेल्या फटींत जेवण आणि झोप. मी पहिल्यांदा आखलेल्या रिट्रीटमध्ये अकरा सत्रं होती. शनिवारी रात्रीच्या अकराव्या सत्रात अर्धी मुलं डोकं खाली घालून बसली होती. वक्ते गहिवरले, त्यांना वाटलं मुलं प्रार्थनेत आहेत. शेजारच्या मुलाचं घोरणं मला ऐकू येत होतं.

म्हणून उलट करा. शुक्रवारी संध्याकाळी ६ ते रविवारी दुपारी २ म्हणजे ४४ तास. यातून एकेक वजा करत चला:

१. झोप. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. दोन रात्री साडेआठ तासांच्या: १७ तास. उरले २७.
२. जेवणं, नाश्ते, मधलं खाणं: ७ तास. उरले २०.
३. आंघोळ, आवरणं, रात्री अंथरूण घालणं: ४ तास. उरले १६.
४. मोकळा वेळ आणि खेळ: शनिवारी दुपारी सलग ३, दोन्ही रात्री एकेक. मिळून ५. उरले ११.
५. आल्यावरची नोंदणी, खोल्या, आणि रविवारी सामान बांधणं, झाडलोट: २ तास. उरले ९.
६. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं, चप्पल शोधणं, पाणी पिणं: २ तास. उरले ७.

हातात सात तास आले. दीड तासाची चार सत्रं आणि रविवारची एक तासाची उपासना, संपलं. पाचवं सत्र घालायचं असेल तर वरच्या कोणत्या ओळीतून वेळ घेणार ते त्या ओळीसमोर लिहा. बहुतेक वेळा ती ओळ झोपेची असते, आणि ते लिहिताना हात थांबतो.

‘पण मुलं आध्यात्मिक गोष्टींसाठी आली आहेत, झोपायला नव्हे,’ असं एखादे वडीलधारे म्हणतील. त्यांना बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचायला सांगा. एलीया संदेष्टा खचून झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. खायला दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. होरेब डोंगर आणि तिथला मंद वाणीचा प्रसंग त्यानंतरचा.

मोकळा वेळ खरोखर मोकळा ठेवा. सक्तीच्या स्पर्धा नकोत, पण दोन-तीन गोष्टी मांडून ठेवा: चेंडू, रंग आणि कागद, एखादा बैठा खेळ. ज्या मुलाला गर्दी सोसत नाही त्याच्यासाठी एक शांत कोपराही हवा. कार्यकर्त्यांनी या वेळात आपापसात बैठका घ्यायच्या नाहीत, मुलांमध्ये फिरायचं. मनातली गोष्ट सत्रात क्वचित निघते. ती निघते ताटं घासताना, नाहीतर कोणी एकटंच दगडावर बसलेलं असताना.

> सावधान: उपास, रात्रभर जागरण-प्रार्थना, पहाटे चारला उठवणं हे या वयाच्या मुलांच्या कार्यक्रमात ठेवू नका. कोणाला मधुमेह असतो, कोणाचं खाण्याशी आधीच भांडण चालू असतं, आणि ते तुम्हाला माहीत असेलच असं नाही.

पायरी ५. एकच उतारा, चार सत्रं

विषय ‘तरुण आणि आधुनिक जगातील आव्हानं’ असा ठेवला की प्रत्येक वक्ता आपलं नेहमीचं भाषण घेऊन येतो. त्यापेक्षा शास्त्रातला एक उतारा घ्या आणि दोन दिवस त्यातच राहा. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा) पाहा: ११ ते ३२, अवघी २२ वचनं. शुक्रवारी रात्री घर सोडणारा मुलगा. शनिवारी सकाळी दूर देशातला दुष्काळ. शनिवारी संध्याकाळी धावत येणारा बाप. रविवारी सकाळी बाहेर अंगणात रुसून उभा राहिलेला मोठा भाऊ. मंडळीत वाढलेली पोरं बहुतेक मोठ्या भावाच्या जागी असतात, आणि तो शेवटी आत गेला की नाही हे दाखला सांगतच नाही. शेवटच्या सत्राला याहून चांगला प्रश्न कुठे मिळणार?

दीड तासाचं सत्र असं मोडा: १५ मिनिटं गाणी, २० मिनिटं बोलणं, ४० मिनिटं गट, १० मिनिटं स्वतःच्या वहीत लिहिणं, ५ मिनिटं शेवटची प्रार्थना. वक्त्याला ‘२० मिनिटं’ हे निमंत्रणातच लिहून कळवा. आदल्या दिवशी सांगितलं तर ते ४५ मिनिटं बोलतील आणि म्हणतील, ‘पवित्र आत्म्याने चालवलं.’

वक्त्याला पहिल्या पायरीतल्या चिठ्ठ्यांवरचे प्रश्न पाठवा, चिठ्ठ्या नव्हेत. हस्ताक्षर ओळखू येतं.

साक्ष, म्हणजे कोणीतरी स्वतःच्या विश्वासाचा अनुभव सांगणं, ठेवायची असेल तर पाच मिनिटांची, आधी लिहून दाखवलेली. व्यसन, मारहाण, लैंगिक अनुभव यांचे बारीक तपशील नकोत. आणि ‘त्या दिवसापासून सगळं बदललं’ अशी साक्ष एक असेल, तर ‘अजून झगडतो आहे’ अशीही एक असू द्या.

पायरी ६. कागदपत्रं (६ आठवडे आधी)

संमतीपत्र एका पानाचं. त्यात हे हवं: मुलाचं नाव आणि जन्मतारीख, दोन पालकांचे किंवा नातेवाइकांचे रात्री लागणारे फोन, अ‍ॅलर्जी, दमा, अपस्मार, मधुमेह यांसारखे आजार, चालू औषधं, मात्रा आणि वेळ, झोपेत चालणं किंवा अंथरूण ओलं होणं (हे विचारताना ‘माहिती एकाच कार्यकर्त्याकडे राहील’ असं लिहा, आणि तसंच वागा), तातडीच्या उपचाराची परवानगी, फोटोची परवानगी वेगळ्या खुणेने.

वेळापत्रकही पालकांना द्या. मंडळीबाहेरचे मित्र येत असतील तर त्यांच्या घरी स्पष्ट सांगा की इथे उपासना, प्रार्थना आणि शास्त्रवाचन होणार आहे. ‘शिबिर आहे’ एवढंच सांगून मुलांना आणणं ही फसवणूक आहे. चांगल्या हेतूने केली तरी.

औषधं मूळ वेष्टनात, नाव लिहिलेल्या पिशवीत घ्यायची. एक कार्यकर्ता ती देतो आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद करतो: कोणाला, काय, किती वाजता. दम्याचा पंप आणि तीव्र अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन मात्र कुलपात ठेवायचं नाही. ते मुलाजवळच राहतं. आपल्या पर्समधली गोळी मुलाला द्यायची नाही. अ‍ॅस्पिरीन तर १६ वर्षांखालच्यांना नाहीच, रे सिंड्रोम हा दुर्मिळ पण गंभीर विकार त्यातून उद्भवू शकतो.

> तपासा: सहीचं संमतीपत्र नसलेलं मूल गाडीत चढत नाही. अपवाद नाही, पाळकांच्या मुलालाही नाही. कागदांचे दोन संच ठेवा: एक रिट्रीटवर, एक मंडळीत थांबणाऱ्या माणसाकडे.

पायरी ७. गट पाडा, गटप्रमुख तयार करा (३ आठवडे आधी)

गट सहा ते आठ जणांचे, १३-१५ आणि १६-१८ वेगळे. झोपायला मित्रांबरोबर, गटात मिसळून. पण प्रत्येकाला गटात निदान एक ओळखीचा चेहरा हवा. नवीन मूल कोणाबरोबर आहे हे दोनदा पाहा. गट आधी कागदावर पाडा. ‘चला, गट करा’ असं जागेवर म्हटलं की शेवटी तोच मुलगा उरतो, जो शाळेतही उरतो.

गटप्रमुखांना एक संध्याकाळ बसवा आणि खरोखर सराव करून घ्या. सर्वांत मोठी चूक म्हणजे बरोबर उत्तर असलेला प्रश्न विचारणं. ‘बापाने मुलाला क्षमा केली का?’ यावर एकच उत्तर आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. ‘या गोष्टीत सगळ्यात अन्याय कोणावर झाला असं तुम्हाला वाटतं?’ असं विचारा. मग गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. चौथ्या आकड्याला तुम्हाला बोलावंसं वाटेल, बोलू नका.

‘पुढे’ हा शब्द सगळ्यांना द्या: ज्याला उत्तर द्यायचं नाही त्याने ‘पुढे’ म्हणायचं, कारण विचारायचं नाही. प्रार्थनेची पाळी आली तरी हाच नियम. आणि एखाद्याने ‘मला देव आहे असं वाटत नाही’ असं म्हटलं तर गटप्रमुखाने त्याला हरवायचं नाही. ‘कधीपासून असं वाटतंय?’ एवढंच विचारायचं.

गुप्ततेबद्दल नीट शब्द ठरवा. ‘इथलं इथेच राहील’ हे वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. म्हणा: ‘इथलं बोलणं बाहेर चघळायचं नाही. पण कोणी धोक्यात आहे असं कळलं, तर मला मदत करू शकेल अशा माणसाला सांगावं लागेल.’

पायरी ८. शेवटचा आठवडा

प्रथमोपचार पेटी, विजेरी, जादा चादरी, सॅनिटरी पॅड (मुलींच्या न्हाणीघरात न मागता मिळतील असे), साबण, ओआरएसची पाकिटं. हात धुण्याची जागा जेवणाच्या वाटेवरच करा. पोटाचा विषाणूजन्य संसर्ग एका मुलापासून अर्ध्या शिबिरात पसरायला एक दिवस पुरतो. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त उघड्यावर ठेवायचं नाही. गाडीत जितक्या जागा तितकी मुलं. टी-शर्टचा रंग आता ठरवा, वेळ उरला असेल तर.

पायरी ९. शुक्रवार: पहिले तीन तास

पोचल्यावर क्रम हाच: मोजणी, खोल्या, खाणं, जागेची फेरी, नियम, मग सत्र. भुकेल्या मुलांना आधी नियम वाचून दाखवले तर एकही लक्षात राहत नाही. फेरीत शौचालयं, औषधांची जागा, आग लागली तर जमायची जागा आणि रात्री ज्यांना उठवायचं ते प्रौढ कुठे झोपतात, एवढं दाखवा.

मोबाइलबद्दल दोन टोकं दिसतात: सगळे जप्त, नाहीतर सगळे मोकाट. जमणारा मधला मार्ग असा: सत्रांत आणि रात्री झोपताना फोन नाव लिहिलेल्या पाकिटात, मोकळ्या वेळात ठरलेला अर्धा तास परत. हे पालकांना आधी कळवलेलं असावं आणि कार्यकर्त्यांनाही लागू असावं. कार्यकर्ता सत्रात फोन चाळत बसला की नियम तिथेच मेला. जागेचा पत्ता सांगणारे फोटो रिट्रीट संपेपर्यंत कोणीही टाकायचे नाहीत.

पहिल्या रात्री मुलं लवकर झोपणार नाहीत, हे गृहीत धरा. दिवे साडेदहाला, कुजबुज अकरापर्यंत चालू द्या, मग कार्यकर्त्याने खुर्ची टाकून व्हरांड्यात बसावं. ओरडण्यापेक्षा खुर्ची जास्त काम करते.

पायरी १०. शनिवार: शांत वेळ आणि ती रात्र

‘आता तासभर मनन करा’ असं सांगून सोडून दिलं तर मुलं पंधरा मिनिटांत एकमेकांना खडे मारू लागतात. शांतता शिकवावी लागते. सकाळच्या सत्राला जोडून वीस मिनिटांनी सुरुवात करा. हातात एक कागद द्या: वर लहानसं वचन, खाली तीन कामं. स्तोत्र १३ यासाठी चांगलं आहे, सहाच वचनं आणि सुरुवातच तक्रारीने. पहिलं काम: दोनदा हळू वाच. दुसरं: जे वाक्य टोचतं ते उतरवून काढ. तिसरं: देवाला पाच ओळींचं पत्र लिही, कोणी वाचणार नाही. प्रत्येकाची जागा दुसऱ्यापासून दहा पावलं दूर, पण कार्यकर्त्यांच्या नजरेत. पत्रं गोळा करायची नाहीत, वाचून दाखवायला सांगायचं नाही.

आता शनिवारची रात्र. दिवे मंद, गाणं तेच तेच, वक्त्याचा आवाज खाली, आणि ‘ज्यांना आज येशूमागे जाण्याचा निर्णय घ्यायचा आहे त्यांनी पुढे या’. एक रडला की दहा रडतात. थकलेली, जागलेली, घरापासून दूर असलेली मुलं रडणारच. त्यातलं किती आत्म्याचं आणि किती थकव्याचं, हे त्या रात्री कोणालाच ओळखता येत नाही. म्हणून निर्णयाचं आवाहन रविवारी सकाळी ठेवा, झोप आणि नाश्ता झाल्यावर. जे खरं असेल ते आठ तासांत विरणार नाही. शनिवारी रात्री शेकोटीजवळ गाणी, हसणं, छोटी प्रार्थना आणि अंथरूण.

> सावधान: डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करण्याआधी मुलाला विचारा, ‘नको’ला मान द्या, आणि ती प्रार्थना सर्वांसमोर दिसेल अशा जागीच करा. सार्वजनिक पापकबुली नको. चौदाव्या वर्षी माईकवर बोललेलं वाक्य विशीपर्यंत पाठलाग करतं.

याच दिवशी कोणी काही सांगण्याची शक्यता सर्वाधिक: घरी मार बसतो, कोणीतरी हात लावतं, जगावंसं वाटत नाही. तेव्हा करायचं ते असं.

१. ऐका. चेहरा शांत ठेवा. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा.
२. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं म्हणू नका. कोणाला आणि का सांगावं लागेल ते त्याला सांगा.
३. खोदून विचारू नका, शब्द पुरवू नका. तपास तुमचं काम नाही.
४. तासाभरात मुलाच्याच शब्दांत लिहून काढा, तारीख-वेळ घाला.
५. नेमलेल्या व्यक्तीला लगेच सांगा. पुढची कायदेशीर कळवणी तिने करायची, ‘मंडळीचं नाव खराब होईल’ या विचाराने थांबायचं नाही.
६. ज्याच्यावर आरोप आहे त्याला तुम्ही जाऊन जाब विचारू नका. तो घरातलाच असेल तर पालकांना फोन करण्याआधीही नेमलेल्या व्यक्तीला विचारा.

जीव देण्याचा विचार बोलून दाखवला असेल तर त्या मुलाला एक क्षणही एकटं सोडायचं नाही आणि त्याच रात्री वैद्यकीय मदत मिळवायची. घरूनच धोका नसेल तर पालकांनाही त्याच रात्री कळवायचं. प्रार्थना करा, जरूर करा, पण फोनही करा.

पायरी ११. रविवार

सकाळचं सत्र, मग उपासना. वाचन, गाणी, प्रार्थना मुलांनीच चालवावी. चुकलं तर चुकू द्या. प्रत्येकाने स्वतःला एक पत्र लिहावं, पाकीट बंद करून वर नाव घालावं. ती सहा आठवड्यांनी परत द्यायची. झाडलोट सगळ्यांनी मिळून, वक्त्यासकट.

निघण्याआधी मोजणी, आणि गाडीत पुन्हा मोजणी. मूल फक्त संमतीपत्रावर नाव असलेल्या माणसाच्या हाती द्यायचं. शेवटचं मूल जाईपर्यंत दोन प्रौढ थांबतात. हे दोघे कोण, ते शुक्रवारीच ठरलेलं असावं, कारण रविवारी दुपारी सगळेच ‘मला जरा घाई आहे’ या अवस्थेत असतात.

पायरी १२. परतल्यावर

सोमवारी मुलं खचतात. घर तेच, अभ्यास तोच, आणि शनिवारचं वाटणं कुठे गेलं हे कळत नाही. याची कल्पना रविवारी सत्रातच द्या. येशूचं रूप पालटलं त्या डोंगरावर त्याचा शिष्य पेत्र यालाही मंडप घालून तिथेच राहायचं होतं. खाली उतरले तर आजारी मुलगा, हतबल बाप आणि भांडणारी गर्दी समोर (मार्क ९).

पालकांना एका परिच्छेदाचा निरोप पाठवा: मुलं दमलेली असतील, ‘काय शिकलास?’ असं दारातच विचारू नका, आधी झोपू द्या.

गटप्रमुखाने आपल्या सहा-आठ मुलांची आठवडाभरात रविवारच्या शाळेत किंवा उपासनेनंतर भेट घ्यावी. दोन आठवड्यांनी तेच गट पुन्हा तासभर बसवा. ही तारीख रिट्रीटच्या पत्रकावरच छापलेली असावी, नाहीतर ती कधीच ठरत नाही. त्या बैठकीत पहिल्या पायरीतलं सोमवारचं वाक्य काढा आणि मुलांनाच विचारा, झालं का. ‘नाही’ असं उत्तर आलं तर तेही लिहून ठेवा.

कार्यकर्त्यांची बैठक दहा दिवसांच्या आत घ्या. औषधांची नोंदवही, लहानमोठे अपघात, उशिरा सुरू झालेली सत्रं आणि प्रत्यक्षात लागलेला आंघोळीचा वेळ एका वहीत उतरवा. आरोग्याची माहिती असलेले कागद पाकिटात बंद करून नेमलेल्या व्यक्तीकडे द्या, कपाटात उघडे टाकू नका. वही मात्र पुढच्या वर्षी नियोजन करणाऱ्याच्या हातात पहिल्या बैठकीआधी पोचली पाहिजे, आणि बंद पाकिटातली पत्रं कोण, कोणत्या रविवारी वाटणार, त्याचं नाव तिच्या पहिल्या पानावर लिहा.